यंत्र आधीं, कायदा मागाहून

‘औद्योगिक क्रांति’ हे शब्द आतां शाळेंतील मुलांच्या तोंडीं सहज बसलेले आहेत. परीक्षेंत प्रश्न आला कीं वॅटचें वाफेचें यंत्र, हारग्रीव्ह्जची ‘जेनी’, आर्कराइटची पाण्यावर चालणारी सूतकताईची चौकट हीं नांवें ठराविक क्रमानें लिहिलीं जातात आणि विद्यार्थ्याला गुण मिळून जातात. मीं पुष्कळ वर्षें इतिहास शिकविला. या नामावळीनें ज्याचें समाधान होत नाहीं असा एखादा विद्यार्थी दरवर्षीं भेटतच असे. त्याच्या शंका बहुधा दोन असत. हीं यंत्रें इंग्लंडांतच कां निघालीं, ही पहिली. आणि तीं निघाल्यामुळें लोकांचें बरें झालें कीं वाईट, ही दुसरी. आजच्या भाषणांत या दोन शंकांचाच विचार करण्याचें मीं योजिलें आहे.

दुसऱ्या शंकेचें उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं; कारण बरें आणि वाईट हीं दोन्ही एकाच माणसाच्या वांट्यास आलीं नाहींत. वाईट आलें तें आधींच्या पिढ्यांच्या वांट्यास, आणि बरें आलें तें मागाहून आलेल्यांच्या. या दोहोंच्या मध्यें किती वर्षें गेलीं व तीं कोणामुळें कमी झालीं, हें पाहण्यासाठीं आपण इंग्लंड, जर्मनी, जपान आणि मुंबई या चार ठिकाणीं क्रमानें जाऊं.

प्रथम उद्योगीकरण म्हणजे काय तें स्पष्ट करूं. उत्तम माल तयार करणें ही गोष्ट कांहीं नवी नव्हे. ढाक्याची मलमल आणि पैठणची पैठणी या यंत्रयुगापूर्वींच्याच आहेत. परंतु त्या काळीं कामाला लागणारी शक्ति माणसाच्या हातापायांतून, बैलाच्या खांद्यांतून, वाऱ्यांतून किंवा ओढ्याच्या पाण्यांतून येई. काम घरांत चाले; बाई चूल सांभाळून सूत काती, बाप माग चालवी, पोरें कांड्या भरीत. दिवस उजाडला कीं काम सुरू आणि अंधार पडला कीं बंद. उद्योगीकरणानें या तिन्ही गोष्टी पालटल्या. शक्ति जमिनीखालच्या कोळशांतून येऊं लागली, काम घरांतून उठून एका मोठ्या छपराखालीं गेलें, आणि सूर्याच्या जागीं घड्याळ आलें.

आतां हा पालट प्रथम इंग्लंडांत कां झाला? इंग्रज मनुष्य जात्याच इतरांहून बुद्धिमान, असें उत्तर एके काळीं इंग्रजी पाठ्यपुस्तकें देत असत. त्यांत तथ्य नाहीं. खरीं कारणें जमिनींत, मजुरींत आणि व्यापारांत शोधावीं लागतात.

पहिलें कारण दगडी कोळसा. इंग्लंडांत तो विपुल, आणि न्यूकॅसलच्या खाणी समुद्राला इतक्या जवळ, कीं कोळसा गलबतांत भरून थेट लंडनला नेतां येई. लांकूड महाग झाल्यामुळें लंडनची घरें फार पूर्वींपासून कोळशावरच ऊब घेत होतीं. खाणी खोल जाऊं लागल्या तसें त्यांत पाणी भरूं लागलें, व तें उपसण्यासाठीं न्यूकोमेन यानें १७१२ मध्यें वाफेचें यंत्र उभें केलें. हें यंत्र कोळसा इतका खाई कीं अन्यत्र कोठेंहि तें परवडलें नसतें. पण खाणीच्या तोंडाशीं कोळसा जवळजवळ फुकटच होता. तेथें तें पन्नास-साठ वर्षें धापा टाकीत चाललें, आणि त्याच्यांतील उधळपट्टी कशी थांबवावी या विचारांतून वॅटचें १७६९ चें पेटंट निघालें. वॅटनें किटलीचें झांकण उडतांना पाहिलें व यंत्र सुचलें, ही गोष्ट मुलांना आवडते. पण वॅटच्या हाताशीं सुधारण्यासाठीं एक चालू यंत्र होतें, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.

दुसरें कारण मजुरीचें. रॉबर्ट ॲलन या अर्थेतिहासकारानें असें दाखविलें आहे कीं अठराव्या शतकांत इंग्लंडांतील मजुरी फ्रान्स किंवा हिंदुस्थान यांच्या मानानें बरीच चढी होती. जेथें माणूस महाग आणि कोळसा स्वस्त, तेथें माणसाच्या जागीं यंत्र बसविणें फायद्याचें. जेथें माणूस स्वस्त, तेथें यंत्राची किंमत भरून निघत नाहीं. मग शहाणा मालक तें घेईल कशाला? ही उपपत्ति सर्वच विद्वानांना मान्य आहे असें नव्हे, तरी ‘इंग्लंडांतच कां’ या शंकेला तिनें दिलेलें उत्तर विचार करण्यासारखें आहे.

तिसरें कारण आपल्याला अधिक जवळचें आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानची चिटें आणि सुती कापड यांनीं इंग्रज स्त्रियांना वेड लाविलें. तेथील लोंकर व रेशीम विणणारे कारागीर खवळले. १७१९ मध्यें लंडनच्या विणकरांनीं रस्त्यांतून जाणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरील चिटाचे कपडे फाडण्यापर्यंत मजल नेली. पार्लमेंटानें १७०० मध्यें छापील चिटांची आयात बंद केली होतीच. १७२१ मध्यें तीं बहुतेक सर्व वापरण्यासहि बंदी केली. मागणी तर निर्माण झालेली, आणि परदेशी माल बंद! या कुंपणाच्या आड लँकॅशायरचा सुती धंदा वाढला. हारग्रीव्ह्जची जेनी १७६४ च्या सुमाराची, आर्कराइटचें पेटंट १७६९ चें, क्रॉम्प्टनचें ‘म्यूल’ १७७९ चें. स्वतःचा धंदा पायावर उभा राहिल्यानंतर खुल्या व्यापाराचा उपदेश जगाला करणें सोपें जातें.

चौथें कारण सांगतांना मन कचरतें. पण तें गाळून इतिहास पुरा होत नाहीं. इंग्लंडांत कापूस पिकत नाहीं. १७९३ मध्यें अमेरिकेंत व्हिटनी यानें सरकी वेगळी करण्याचें यंत्र काढलें, आणि तेथील दक्षिणेकडील संस्थानांत कापसाचें पीक अफाट वाढलें. तो कापूस पिकविणारे हात गुलामांचे होते. १८६० सालच्या खानेसुमारींत अमेरिकेंतील गुलामांची संख्या चाळीस लाखांच्या घरांत भरली, आणि त्या वेळीं लँकॅशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस त्यांच्याच कष्टाचा होता. मजुरीचे श्रम वांचविणारें यंत्र एका खंडांत आलें आणि दुसऱ्या खंडांत त्यानेंच गुलामगिरीचें आयुष्य वाढविलें.

येथवर कारणें झालीं. आतां परिणामांकडे वळूं. आर्कराइटनें १७७१ मध्यें क्रॉमफर्ड येथें पाण्यावर चालणारी सूतगिरणी काढली. पाणी रात्रींहि वाहतें, तेव्हां गिरणीहि रात्रीं चालूं लागली. तुटलेला धागा सांधण्यास लहान बोटें बरीं पडतात, म्हणून मुलें घेतलीं गेलीं. पूर्वीं घरींहि मुलें काम करीतच असत. परंतु आई-बापांच्या नजरेखालीं कांड्या भरणें आणि न थांबणाऱ्या यंत्राच्या वेगाशीं बारा-तेरा तास जुळवून घेणें, यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. 

शहरें तर डोळ्यांदेखत फुगलीं. मँचेस्टरची वस्ती १८०१ मध्यें सुमारें पाऊण लाख होती, ती १८५१ मध्यें तीन लाखांवर गेली. याच साली इंग्लंड-वेल्समधील निम्म्याहून अधिक लोक शहरवासी झाल्याचें आढळलें. मोरीची, पाण्याची व्यवस्था मात्र खेड्याचीच राहिली. एडविन चॅडविक यानें १८४२ मध्यें पार्लमेंटापुढें ठेवलेल्या अहवालांत एक कोष्टक आहे. मँचेस्टरमधील मजुरांच्या कुटुंबांत मरणाऱ्यांचें सरासरी वय १७ वर्षें. रट्लंड या शेतीच्या परगण्यांतील मजुरांच्या कुटुंबांत तें ३८ वर्षें. येथें सरासरी या शब्दाचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. प्रत्येक मजूर सतराव्या वर्षीं मरे असा त्याचा अर्थ नाहीं. पाळण्यांतलीं मुलें इतकीं मरत कीं सरासरी सतरावर येऊन थांबे. मँचेस्टरमधील प्रतिष्ठित लोकांचा आंकडाहि ३८ च होता. म्हणजे शहरांतल्या श्रीमंतांच्या घरीं जी सरासरी, तीच खेड्यांतल्या गरिबांच्या घरीं. दूषित पाणी आणि घाण हवा पैशानें पुरतीं चुकवितां येत नव्हतीं.

लोकांनीं हें सारें मुकाट्यानें सोसलें काय? मुळींच नाहीं. १८११ पासून नॉटिंगहॅम, यॉर्कशायर, लँकॅशायर या भागांत ‘लुडाइट’ म्हणविणाऱ्या कारागिरांनीं रात्रीं जाऊन यंत्रें फोडलीं. यंत्र दिसलें कीं फोडणारे अडाणी, अशी त्यांची अपकीर्ति झाली, ती अन्यायाची आहे. नॉटिंगहॅमच्या मोजे विणणाऱ्यांचे सांचे नवे नव्हतेच. शें-दोनशें वर्षें ते त्यांवर काम करीत आले होते. त्याच सांच्यांवर हलका माल काढून, शिकाऊ पोरांना राबवून मजुरी पाडणाऱ्या मालकांविरुद्ध त्यांची तक्रार होती. १८१२ मध्यें सांचा फोडणाऱ्यास देहान्त शिक्षेचा कायदा झाला. कवि बायरन यानें उमरावांच्या सभेंत त्याला विरोध केला, तो व्यर्थ गेला. १८१३ च्या जानेवारींत यॉर्क येथें या प्रकरणांत सतराजणांना फांशीं दिलें. कामकऱ्यांनीं एकत्र येऊन मजुरी वाढवून मागणें हा तर १७९९ व १८०० च्या कायद्यांनीं गुन्हाच ठरला होता. ते कायदे १८२४ पर्यंत राहिले. संघटनेचा सरळ मार्ग बंद केला म्हणजे माणसें रात्रींचा मार्ग धरतात.

यंत्रांनीं उत्पादन वाढलें, संपत्ति वाढली. पण पहिल्या दोन पिढ्यांत मजुराच्या खऱ्या मिळकतींत त्या मानानें फार थोडी भर पडली. हातमागावर विणणाऱ्या लाखों कुटुंबांची तर एका आयुष्यांत वाताहत झाली. १८४० नंतर मजुरीला खरी चढती कळा लागली. ज्यांना ती पाहावयास मिळाली त्यांतील पुष्कळांचे आजे-पणजे क्रॉमफर्डच्या काळचे होते.

आतां कायद्याकडे पाहूं. गिरण्यांतील मुलांसाठीं १८०२ व १८१९ मध्यें कायदे झाले, ते कागदावरच राहिले. कारण ते पाळले जातात कीं नाहीं हें पाहणारा कोणी नव्हता. १८३३ च्या कायद्यानें बहुतेक कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना मज्जाव केला, तेरा वर्षांखालील मुलांना आठवड्यास ४८ तासांची मर्यादा घातली, आणि मुख्य म्हणजे सरकारी पगाराचे चार तपासनीस नेमले. चार माणसें सबंध देशाला किती पुरणार? आणखी एक अडचण होती. मुलाचें वय नऊ आहे हें ठरवावें कसें? जन्माची सरकारी नोंदच नव्हती! डॉक्टरानें मुलाकडे पाहून अंदाजानें दाखला द्यावा, असा प्रकार चाले. १८३७ मध्यें जन्म-मृत्यूची नोंद सुरू झाली तेव्हां कोठें पुढील पिढीला वयाचा पुरावा मिळूं लागला. कायदा करणें आणि तो चालविण्याचीं साधनें उभीं करणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें यावरून दिसेल. क्रॉमफर्डपासून तपासनीस येईपर्यंत ६२ वर्षें गेलीं होतीं.

जर्मनीची कथा वेगळी आहे. तेथें कोळसा होता, पण देश अनेक लहानमोठ्या राज्यांत विभागलेला. प्रत्येक वेशीवर जकात. १८३४ मध्यें प्रशियाच्या पुढाकारानें जकातसंघ झाला आणि माल मोकळा फिरूं लागला. पुढील वर्षाच्या अखेरीस न्यूरेंबर्ग ते फ्यूर्थ अशी पहिली आगगाडी धांवली. मागाहून येणाऱ्याला एक सोय असते, ती ही कीं पुढच्याचें यंत्र विकत मिळतें. दुसरी अडचण ही कीं त्याच्याशीं स्पर्धा करण्यास भांडवल एकदम मोठें लागतें. जर्मनांनीं तें बँकांच्या द्वारें उभें केलें, आणि इंग्लंडांत जें कुशल कारागिराच्या हातांत होतें तें त्यांनीं शाळेंत व प्रयोगशाळेंत शिकविलें.

त्या प्रयोगशाळेचा धक्का हिंदुस्थानांत कसा पोंचला पाहा. बायर या रसायनशास्त्रज्ञानें निळीची घटना शोधून काढली, आणि १८९७ मध्यें जर्मनीच्या ‘बी. ए. एस. एफ.’ कारखान्यानें कृत्रिम नीळ बाजारांत आणली. बिहारमधील निळीचा भाव कोसळला. चंपारण्यांतील गोरे मळेवाले वीस कठ्ठ्यांपैकीं तीन कठ्ठे नीळ पेरण्याची सक्ति कुळांवर करीत असत. आतां नीळ परवडेना, तेव्हां ती सक्ति उठविण्याचा मोबदला म्हणून त्यांनीं कुळांचा सारा वाढविला किंवा एकरकमी दंड वसूल केला. नुकसान मळेवाल्याचें, भरपाई कुळाची! याच गाऱ्हाण्याच्या चौकशीसाठीं १९१७ मध्यें गांधीजी चंपारण्यांत गेले. ऱ्हाईन नदीकाठच्या कारखान्याचें नांवहि ज्यानें ऐकलें नव्हतें त्या शेतकऱ्यानें त्याची किंमत भरली.

जर्मनीनें जगाला दुसरी एक गोष्ट दिली. बिस्मार्क कामकऱ्यांचा मित्र नव्हता. १८७८ मध्यें त्यानें समाजवाद्यांच्या संस्थांवर बंदी घातली. पण नुसत्या दडपशाहीनें कामकरी वळत नाहींत हें तो जाणून होता. १८८३ मध्यें आजारपणाचा विमा, १८८४ मध्यें अपघाताचा आणि १८८९ मध्यें वार्धक्याचा, असे तीन कायदे त्यानें करविले. पेन्शन सत्तराव्या वर्षीं मिळे, आणि सत्तरी गांठणारे थोडे. तरी गिरणींत हात गेला तर तो कामकऱ्याच्या नशिबाचा भाग नसून धंद्याच्या खर्चाचा भाग आहे, हें तत्त्व प्रथमच कायद्यांत आलें. इंग्लंडनें १९११ मध्यें तोच कित्ता गिरविला. आपल्याकडील कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ मध्यें झाला.

जपानांत भांडवल आलें कोठून? तें बव्हंशीं शेतकऱ्याच्या घरांतून आलें. १८६८ च्या मेइजी राज्यक्रांतीनंतर पाश्चात्यांच्या तोफांना तोंड द्यावयाचें तर कारखाने पाहिजेत, असा नव्या सरकारचा निश्चय झाला. १८७३ मध्यें जमिनीच्या किंमतीवर रोख सारा बसविला. त्या आधीं १८७२ मध्यें तोमिओका येथें सरकारनें फ्रेंच तज्ज्ञाच्या देखरेखीखालीं रेशमाचा नमुनेदार कारखाना काढला. परदेशी लोक मुलींचें रक्त पितात अशी आवई उठल्यामुळें प्रथम कोणी येईना. तेव्हां व्यवस्थापकानें आपलीच मुलगी कामावर घातली. तेथें आठ तासांच्या आंतबाहेर काम, रविवारीं सुटी आणि राहण्याची सोय होती.

हें चित्र टिकलें नाहीं. नागानो भागांत खासगी कारखाने निघाले, त्यांत बारा-चौदा तास काम चाले. रोख सारा आणि कर्ज यांनीं गांजलेल्या बापाला कारखान्याचा दलाल आगाऊ रक्कम देई, व ती फिटेपर्यंत मुलगी कामाला बांधली जाई. वसतिगृहाला कुलूप असे. रेशमाच्या दमट खोल्यांत आणि सूतगिरण्यांच्या रात्रपाळ्यांत क्षयरोग फैलावला. आजारी पडलेल्या मुलीला घरीं पाठवीत, आणि तिच्याबरोबर रोगहि खेड्यांत जाई. इशिहारा ओसामु या वैद्यानें १९१३ मध्यें हें प्रसिद्ध केलें. कारखान्यांचा कायदा १९११ मध्यें संमत झाला, पण अंमलांत आला १९१६ मध्यें. आणि स्त्रियांची रात्रपाळी प्रत्यक्ष बंद झाली ती १९२९ मध्यें. तोमिओकापासून कायद्याच्या अंमलापर्यंत ४४ वर्षें! इंग्लंडचा अनुभव छापील पुस्तकांत समोर असतांना एवढीं वर्षें लागावीं, हें विशेष आहे. दुसऱ्याचें यंत्र उचलण्यास जी चपळाई असते ती दुसऱ्याचा धडा उचलण्यास नसते.

शेवटीं मुंबई. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबई-ठाणें आगगाडी सुरू झाली. कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ मध्यें कंपनी स्थापून ताडदेव येथें उभारलेली सूतगिरणी १८५६ मध्यें चालूं लागली. पुढें अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ या काळांत कापसाचे भाव गगनाला भिडले आणि मुंबईंत पैसा आला. त्यांतील पुष्कळ सट्ट्यांत बुडाला, तरी व्यापाऱ्यांचें धैर्य आणि भांडवल गिरण्यांकडे वळत राहिलें. माणसें आलीं रत्नागिरींतून आणि साताऱ्याकडून. मात्र घरें आलीं नाहींत. चाळीच्या एका खोलींत दहा-दहा गडी रहात, खाणावळींत जेवत, आणि मनीऑर्डर गांवीं जाई. इंग्रज मजूर खेडें सोडून शहरांत कायमचा गेला. आपल्या चाकरमान्याचा एक पाय गांवींच राहिला. पगार एकट्याच्या पोटापुरता असल्यामुळें मुलांचें संगोपन, आजारपण आणि म्हातारपण हा सारा खर्च कोंकणांतल्या शेतानें व तेथें राबणाऱ्या बायकांनीं उचलला. गिरणीच्या हिशेबाच्या वहींत ही रक्कम कधींच आली नाहीं.

आपल्या पहिल्या फॅक्टरी कायद्याची जन्मकथा चमत्कारिक आहे. १८८१ च्या त्या कायद्यानें सात वर्षांखालील मुलांस कामावर घेण्यास बंदी केली आणि बारापर्यंतच्या मुलांस नऊ तासांची मर्यादा घातली. त्यासाठीं जोर लावणाऱ्यांत लँकॅशायरचे गिरणीमालक होते. मुंबईचें सूत स्वस्त पडूं नये हा त्यांचा हेतु. दयाळूपणाचें कातडें पांघरून स्वार्थ आला, हें खरें. पण त्यामुळें सहा वर्षांचें पोर घरीं राहिलें असेल तर त्याला त्याचें काय? गिरण्या सुरू झाल्यापासून येथें २५ वर्षें लागलीं होतीं.

प्रौढ कामकऱ्याला मात्र त्या कायद्यानें कांहींच दिलें नाहीं. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम, आणि आठवड्याची सुटी नाहीं. ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ मध्यें गिरणी-कामकऱ्यांच्या सभा भरविल्या व मागण्या मांडल्या. रविवारची सुटी, दुपारीं अर्ध्या तासाची विश्रांति, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत आणि अपघात झाल्यास भरपाई, यापेक्षां त्या फारशा अधिक नव्हत्या. १८९० च्या एप्रिलांत सुमारें दहा हजारांची सभा झाली. तींत दोन कामकरी स्त्रियांनींहि भाषणें केलीं. त्याच वर्षीं जूनमध्यें गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. पुढें १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. आपण म्हणूं, उजेड आला, सोय झाली. पण त्या उजेडानें कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर नेला, आणि प्रौढ पुरुषाला कापड गिरणींत बारा तासांची मर्यादा घालण्यास १९११ चा कायदा करावा लागला.

गिरणगांवाचा शेवट आपल्या पिढीनें पाहिला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं अडीच लाखांच्या आसपास कामगारांनीं संप पुकारला. तो विधिपूर्वक मिटलाच नाहीं. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जागीं उंच इमारती व मोठमोठालीं दुकानें उभीं राहिलीं. यंत्र येतांना जसें माणसाला उपटतें तसें जातांनाहि उपटतें. आणि जातांना तर तपासनीसहि नसतो.

आतां या सर्वांवरून काय दिसतें? यंत्र सर्वत्र थोड्याबहुत फरकानें सारखेंच होतें. त्याचे परिणाम मात्र सारखे झाले नाहींत. किंमत प्रथम भरली ती ज्याला नकार देणें अशक्य होतें त्यानें, म्हणजे मूल, गुलाम, कर्जबाजारी बापाची मुलगी, चंपारण्यांतलें कूळ यांनीं. आणि कोणत्याहि देशांत मालकाला आपण होऊन दया सुचली व वर्षें कमी झालीं, असें क्वचितच घडलें. इंग्लंडांत कामकऱ्यांची चळवळ व डॉक्टरांचे आंकडे, जर्मनींत समाजवाद्यांचें भय, जपानांत वैद्यांचे अहवाल, येथें प्रतिस्पर्ध्यांचा स्वार्थ आणि लोखंड्यांच्या सभा, अशीं निरनिराळीं कारणें एकत्र आलीं तेव्हां कायदा हलला. कायदा झाल्यावरहि तो पाहणारा माणूस लागतोच. १९११ मध्यें न्यूयॉर्कच्या ‘ट्रँगल’ शिवणकारखान्यास आग लागली, तेव्हां एक दरवाजा कुलूपबंद होता. १४६ माणसें मेलीं, त्यांत बहुतेक तरुण मुली. एकशें दोन वर्षांनीं, २४ एप्रिल २०१३ रोजीं, ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१३४ माणसें मेलीं. आदल्या दिवशीं भिंतींना तडे दिसले होते. त्याच इमारतींतील एका बँकेनें आपलीं माणसें घरीं पाठविलीं. शिवणकामगारांना मात्र पुनः कामावर बोलाविलें. ज्या ढाक्याची मलमल मीं आरंभीं सांगितली त्याच ढाक्याची ही गोष्ट. तेथें इमारतींचे नियम नव्हते असें नाहीं. ते पाळविणारा कोणी नव्हता. त्या दुर्घटनेनंतर परदेशी कंपन्या व कामगारसंघ यांनीं करार करून इमारतींची तपासणी बांधून घेतली, तेव्हां पुष्कळ कारखाने सुधारले.

श्रोतेहो, आपण गिरणीमालक नाहीं, म्हणून हा सारा इतिहास दुसऱ्यांचा आहे असें कोणास वाटेल. पण सुशिक्षित शहरी कुटुंबांतील बहुतेकांच्या घरीं धुणेंभांडीं करावयास, स्वयंपाकास किंवा म्हाताऱ्यांच्या शुश्रूषेस कोणी तरी बाई येत असते. महाराष्ट्रांत घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्यें झाला आहे. तरी कारखान्याचा तपासनीस घराच्या उंबरठ्याआंत येत नाहीं. तेथें मालकहि आपण आणि तपासनीसहि आपणच. तिला आठवड्याची ठरलेली, पगारी सुटी आहे काय? ती आजारी पडली तर त्या दिवसांचे पैसे कापले जातात काय? लोखंडे यांनीं गिरणीमालकांपुढें १८८४ मध्यें ठेवलेल्या मागण्या मीं आतांच सांगितल्या. त्या चार-पांच ओळी एका कागदावर उतरून घ्याव्या आणि आपल्या घरापुरतें त्यांचें उत्तर आज रात्रींच लिहून पाहावें. यासाठीं कोणत्याहि कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं.